देशातले सगळे मंगरिग

ऑथरडेलमध्ये कुणी आपलं आडनाव सांगत नाही. सांगून उपयोग नसतो. उत्तर इंग्लंडमधल्या कंब्रियाच्या डोंगरांत खोचलेलं हे आमचं खोरं. घरं डझनभर, आणि त्यांतली दोन-तीन सोडली तर बाकी सगळी मंगरिग. चर्चच्या आवारातले दगडसुद्धा मंगरिगच. मातीच्या वेळी पाद्रीबुवा प्रार्थना म्हणतात तेव्हा मयताच्या नावापुढं घराचं नाव लावतात, नाहीतर वर स्वर्गाचं दार उघडणाऱ्याचा घोटाळा व्हायचा. इथं माणूस ओळखायचा तो घरावरून. बेकसाइडचा जॉस. गिलहेडची हेस्टर. आपलं आडनाव बाहेरच्या जगात कुणी ऐकलेलंच नाही, हे आमच्यातल्या बहुतेकांना कळतं ते थेट शहरातल्या इस्पितळात. कारकून चष्मा कपाळावर चढवतो आणि म्हणतो, "काय म्हणालात?"

तर ही गोष्ट गिलहेडच्या हेस्टरची.

हेस्टर एकाहत्तर वर्षांची. अंगानं कुंपणाच्या खांबासारखी, आणि तितकीच ऊनपाऊस खाल्लेली. लग्न केलं नाही. एकदोघांनी विचारलं होतं, पण ते आपल्याला विचारताहेत की गिलहेडला, याची तिची शेवटपर्यंत खात्री पटली नाही. गिलहेड हे खोऱ्याच्या टोकाचं शेवटचं घर. मागं चराईचा उघडा डोंगर, पुढं ओढा, आणि मधे हेस्टर, तिची मेंढरं आणि नेल नावाची कुत्री. लोक म्हणत, हेस्टरचा खरा धंदा संशय. मेंढरं हा जोडधंदा. रेडिओनं ऊन सांगितलं की ही वाळत घातलेलं गवत झाकायला धावायची. दहातल्या सहा वेळा पाऊस यायचा, त्यामुळं त्या संशयाला खतपाणी सरकारकडूनच मिळत आलं. नवे पाद्रीबुवा पहिल्यांदा भेटायला आले आणि जॅमची बरणी देऊन गेले, तेव्हा तिनं ती बरणी आठवडाभर न उघडता फळीवर ठेवली होती. "फुकट जॅम देणारा माणूस काहीतरी मागायला येतो," ती म्हणाली. आठवड्यानं पाद्रीबुवा छपराच्या दुरुस्तीसाठी वर्गणी मागायला आलेच.

पण या सगळ्या किरकोळ संशयांच्या तळाशी एक मोठा संशय होता, आणि त्याचं नाव थर्स्टन.

थर्स्टन तिचा थोरला भाऊ. दुसरी मोठी लढाई संपल्यावर दोन-चार वर्षांत त्याच्या डोक्यात ट्रॅक्टर शिरला. बापाच्या डोक्यात घोडा होता, तो हलेना. एका सकाळी न्याहारीच्या टेबलावर दोघांचं वाजलं. थर्स्टननं पिशवी उचलली, "समुद्रावर जातो, तिथं तरी घोडा नसेल," म्हणाला, आणि गेला. साउथहॅम्प्टनहून जहाजाचं चित्र असलेलं एक कार्ड आलं. मग काही नाही. बाप पुढं वारला, पण हट्टी माणूस, पोराचं नाव काही त्यानं कापलं नाही. गिलहेड दोन्ही मुलांना, निम्मं निम्मं. पेनरिथच्या वकिलानं हेस्टरला समजावून सांगितलं होतं, "तो किंवा त्याचं मूलबाळ येईपर्यंत सगळं तुमचंच आहे, बाई. येईपर्यंत."

हा 'येईपर्यंत' हेस्टरच्या घरात तेव्हापासून राहायला होता. कारण निम्मं गिलहेड ही वस्तूच जगात नाही. आमची मेंढरं आपापल्या डोंगरउतारावर आईमागून चरायला शिकतात आणि मरेपर्यंत तिथंच चरतात. मधे ना कुंपण ना भिंत. त्यांना कसं सांगणार, की पोरींनो, ओढ्याच्या अलीकडचं गवत आता दुसऱ्याच्या नावावर आहे? निम्म्याची वाटणी मागणारा आला, की अख्खं विकायचं. मग उन्हाळ्यात येणारी माणसं तिथं मोठ्या काचेच्या खिडक्या बसवणार आणि मेंढ्यांकडं बघून "किती गोड!" म्हणणार.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला एका संध्याकाळी विनीचा फोन आला. विनी म्हणजे 'रॅम' नावाचा आमचा एकुलता एक पब चालवणारी बाई.

"हेस्टर, बसलीयस का?"

"मेंढरं पाळणारी बाई बसते कधी?"

"मग धर कशाला तरी. माझ्याकडं एक पाहुणा उतरलाय. पार खालून आलाय, कॉर्नवॉलहून. नाव सांगतो मंगरिग."

हेस्टरनं दाराची कडी धरली. "कुठला मंगरिग?"

"तेच ना! मी विचारलं, कुठल्या घरचा? तर म्हणतो, बंदराच्या रस्त्यावर चष्म्याचं दुकान आहे आमचं."

हेस्टरनं फोन ठेवला आणि गणित मांडलं. माणूस स्मिथ असता तर प्रश्न नव्हता. स्मिथ काय, गवतासारखे कुठंही उगवतात. मंगरिग तसा नाही. मंगरिग या खोऱ्याबाहेर उगवतच नाही, आणि कुठं एखादा दिसलाच तर इथल्याच कुणाच्या तरी बुटाला चिकटून तिथं गेलेला. तिच्या हयातीत खोरं सोडून समुद्राकडं गेलेला मंगरिग एकच. पाहुण्याचं वय विनीनं पंचेचाळीसच्या आसपास सांगितलं होतं. थर्स्टन गेल्यावर वर्षा-दोन वर्षांत पोरगं झालं असेल, तर बरोबर तेवढंच.

गणित अडत होतं असं एकच ठिकाण होतं: तो आल्या आल्या 'आत्या' म्हणत गिलहेडला का नाही आला? त्याचंही उत्तर तिला रात्रीत सापडलं. आधी मालाची पाहणी करत असेल.

दुसऱ्या दिवसापासून पाहणी सुरूच झाली. फरक इतकाच, की पाहणारी हेस्टर होती. चर्चच्या भिंतीआड ती आणि नेल दबा धरून बसल्या. पाहुणा गोल चेहऱ्याचा, नीट भांग पाडलेला, रेनकोटाच्या सगळ्या गुंड्या लावलेला. तो एकेका थडग्यापुढं उभा राही, दगडावरची शेवाळ बोटानं पुसे आणि हसे. थडग्यापुढं उभं राहून हसणारा माणूस! एका दगडाला तर त्यानं चक्क थोपटलं. आणि तो परत जाताना हेस्टरला दिसलं: उजवा पाय आत टाकत होता. थर्स्टन अगदी तसाच टाकायचा.

"नवे बूट असतील," बेकसाइडचा जॉस म्हणाला. जॉस तिच्याहून चार वर्षांनी मोठा, त्यामुळं तिला अजून 'पोरी' म्हणायचा. दोघं भिंतीच्या दोन बाजूंनी टेकून उभी होती; आमच्याकडं महत्त्वाची बोलणी मधे भिंत असल्याशिवाय होत नाहीत.

"नवे बूट एकाच पायाला चावतात होय?"

"मग जा आणि विचार ना, पोरी. थर्स्टनचा का, म्हणावं."

"तू विचार."

"माझा काय संबंध?" जॉस म्हणाला, पण त्याचे कान लाल झाले होते. कारण आदल्या दिवशी पाहुण्यानं पबमध्ये त्यालाही विचारलं होतं, तुमच्याकडून कुणी कॅनडाला वगैरे गेलं होतं का? जॉसच्या आजोबांचा जुळा भाऊ गेला होता, आणि जाण्याआधी दोघांत जमिनीवरून काहीतरी बिनसलं होतं. तेव्हापासून जॉसनं आपले दोन उमदे एडके रस्त्याकडेच्या कुरणातून उचलून घरामागं नेऊन बांधले होते.

आणि हे एकट्या जॉसचं नव्हतं. प्रत्येक घरातून कधी ना कधी कुणीतरी रुसून, पळून किंवा कर्ज करून गेलेलंच होतं, आणि आता प्रत्येक घराला वाटत होतं, की हा आपल्याकडचाच वारस. खोऱ्यात पाहुण्याला सगळे हात करत होते आणि सगळे फाटकाला साखळी लावत होते. सरळ मात्र कुणी विचारेना. आमच्यात सरळ प्रश्न विचारत नाहीत. हवेबद्दल बोलायचं, मग मेंढरांच्या खुरांबद्दल, मग पुन्हा हवेबद्दल. चांगला शेजार असेल तर दोन-एक वर्षांत मुद्दा निघतो.

हेस्टरला दोन वर्षं परवडणारी नव्हती. तिनं विनीकरवी पाहुण्याला चहाला बोलावलं.

"मिस मंगरिग?" तो दारात उभा राहून म्हणाला. मग लाजत लाजत, जणू सरप्राइज द्यावं तसा: "मी पण मंगरिग. डेन्झिल मंगरिग."

"इथं सगळेच आहेत. पाय पुसा."

त्याचा चेहरा जरा उतरला, पण पाय त्यानं पुसले. मग म्हणाला, "पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा हे नाव कुणी एका दमात ऐकून घेतलं. आमच्या गावात तीन-तीनदा सांगावं लागतं."

"परत कशाला विचारायचं? एकदा ऐकू आलं."

तिनं त्याच्यापुढं थंड मटण, ब्रेड आणि सिरक्यातलं बीट ठेवलं. त्यानं बिटाच्या फोडी काट्यानं हळूच ताटाच्या कडेला सारल्या. हेस्टरनं कप खाली ठेवला. थर्स्टन बीट तोंडात घालत नसे. त्यावरून आईचा मारही खाल्ला होता त्यानं.

"बीट चालत नाही का?"

"क्षमा करा हं. लहानपणापासूनच नाही."

"वडिलांनाही चालत नसेल."

"वडिलांना? ते तर बरणीतनं खायचे."

हेस्टरनं मनात नोंद केली: पढवून पाठवलाय.

मग त्यानं तो प्रश्न विचारला. खिडकीबाहेर बघत, अगदी मोकळ्या मनानं, "किती मेंढ्या आहेत हो तुमच्याकडं?"

ऑथरडेलमध्ये हा प्रश्न सख्खा भाऊ भावाला विचारत नाही. बँकेत किती आहेत, असं भर पंगतीत ओरडून विचारण्यासारखं आहे ते.

"थोड्या," हेस्टर म्हणाली.

"थोड्या म्हणजे साधारण...?"

"फार नाहीत, इतक्या."

डेन्झिलला वाटलं बाई गंमत करताहेत. तो हसला, आणि हसता हसता जे बोलायला नको होतं ते बोलला. "मिस मंगरिग, तुमच्या घरातनं कुणी खोरं सोडून गेलंय का? समुद्राकडं वगैरे?"

"नाही," हेस्टर म्हणाली. "चहा संपला."

किटली काठोकाठ भरलेली होती. तिच्यातून वाफ निघत होती. डेन्झिलनं किटलीकडं पाहिलं, हेस्टरकडं पाहिलं, आणि रेनकोटाच्या गुंड्या लावल्या.

तो गेल्यावर हेस्टरनं स्वतःला चहा ओतून घेतला आणि ती टेबलाशी बसली. एकाहत्तर वर्षांत ती पहिल्यांदाच धडधडीत खोटं बोलली होती, आणि तेही आपल्याला भाऊ नव्हताच असं. नेलनं तिच्या गुडघ्यावर हनुवटी टेकली. "तू गप्प बस," हेस्टर तिला म्हणाली.

त्या शनिवारी 'रॅम'च्या मागच्या आवारात धनगरांचा मेळा होता. उन्हाळाभर उघड्या डोंगरावर मेंढरं हिंडतात, आणि एखाददुसरं चुकून शेजारच्या कळपात शिरतं. ती सगळी चुकार मेंढरं नोव्हेंबरात या आवारात आणायची. पाठीवरचा रंगाचा पट्टा आणि कानाची खाच बघून ज्याचं त्यानं न्यायचं. नाव, गाव, कागद कशाचीही गरज नसते. दुपारी मटण-बटाट्याचं मोठं भांडं उघडतं, आणि मग संध्याकाळपर्यंत गाणी.

डेन्झिल आला होता. कुंपणाशी उभा राहून बघत होता. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन हात जागा मोकळी होती, तीसुद्धा अशा गर्दीत जिथं मेंढराला वळायला जागा नव्हती. त्यानं एकदोघांना हात पुढं करून "मी मंगरिग" म्हणून पाहिलं. "हं," लोक म्हणाले, आणि त्यांना एकदम आपलं मेंढरू दिसलं.

हेस्टर लांबून बघत होती. तो एका मेंढीच्या कानाची खाच वाकून न्याहाळत होता. लाल पट्ट्याची मेंढी. गिलहेडची मेंढी. हवा नाही, खुरं नाहीत, काही नाही. ती गर्दीतून सरळ चालत गेली आणि सगळ्यांच्या देखत तिनं आमच्या खोऱ्याच्या इतिहासातला पहिला सरळ प्रश्न विचारला.

"थर्स्टन कुठंय?"

आवार शांत झालं. मेंढरंसुद्धा, असं विनी अजून सांगते.

"कोण थर्स्टन?" डेन्झिल म्हणाला.

"माझा भाऊ. तुझा बाप. बीट न खाणारा."

"माझ्या वडिलांचं नाव पास्को होतं, मिस मंगरिग. आणि त्यांचे वडील, आणि त्यांचे वडील, सगळे कॉर्नवॉलचेच. दोनशे वर्षांपूर्वी एकजण इथून तांब्याच्या खाणीत काम करायला खाली आला. तेवढंच आमचं इथलं नातं." बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं, की अख्खं आवार ऐकतंय. त्यानं घाईघाईनं रेनकोटातून एक घडी घातलेला नकाशा काढला आणि दगडी भिंतीवर पसरला. "हे बघा ना. मी काही मागायला आलेलो नाही. मी फक्त नाव मोजतोय. छंद आहे माझा."

सगळे पुढं सरकले. देशाचा नकाशा. वर डोंगरात पेन्सिलीच्या ठिपक्यांचा एक गच्च पुंजका. पार खाली टोकाला दुसरा, मूठभर. मधे कुठं तरी एखादा ठिपका. बाकी सगळा देश कोराकरकरीत.

"येवढेच?" जॉस म्हणाला. त्याला कायम वाटत आलं होतं, की जगात मंगरिग फार झालेत.

"एक्केचाळीस. चौतीस इथं, पाच आमच्याकडं, एक लीड्सला दातांची डॉक्टर आहे, एक कार्डिफला. खोऱ्याबाहेरच्या प्रत्येकाला मी पत्र लिहिलंय, पत्र नाही तर फोन. म्हणून तर विचारत फिरत होतो, कुणी निसटलंय का. असं दुर्मीळ नाव असलं ना, की अख्खं मोजता येतं. स्मिथांचं कुणी मोजू शकेल का?"

लोकांचे चेहरे सैल पडत गेले. कुणीतरी हसलं. जॉसनं डेन्झिलच्या पाठीवर असा हात मारला, की त्याचा चष्मा नाकाच्या टोकावर आला. "मग आधी बोलायचं ना, गड्या! मी एडके नेऊन बांधले मागं!"

हेस्टर हसत नव्हती. ती नकाशाकडं बघत होती.

"सगळे मोजलेस?"

"सगळे."

"आणि थर्स्टन नाही त्यात."

डेन्झिलनं तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं. आता त्याला कळलं आपण काय सांगितलंय. गिलहेड अख्खं तिचं होतं. आता कुणी येणार नव्हतं, 'येईपर्यंत' संपलं होतं. कारण या सबंध देशात थर्स्टन मंगरिग नावाचा माणूस नव्हता, त्याचा मुलगा नव्हता, मुलगी नव्हती. कुणीही विचारल्याशिवाय, एका रेनकोटवाल्यानं पेन्सिलीनं हे ठरवून टाकलं होतं.

"मिस मंगरिग, मला माहीत नव्हतं..."

"मोजलेस खरं," हेस्टर म्हणाली. तिचा आवाज चढायला लागला. "पण नीट मोजलेस कशावरून? कशात बघून मोजलेस?"

"टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या. आणि मतदारांच्या याद्या."

"आणि ज्याच्याकडं टेलिफोन नाही तो?"

"तो... मतदार यादीत..."

"मत न देणारा? बापाशी भांडून गेलेला माणूस सरकारला पत्ता सांगत बसेल असं वाटतं तुला? आणि ज्यानं नाव बदललं तो? चष्मेवाला आहेस ना तू? मग जरा डोळे उघडून बघ!" तिनं नकाशाच्या मधल्या कोऱ्या भागावर बोट आपटलं. "हे काय आहे? कोरं. कोरं म्हणजे नाही, असं कुणी सांगितलं तुला? कोरं म्हणजे तू गेला नाहीस तिथं!"

"मोजणीत चूक असू शकते," डेन्झिल हळूच म्हणाला.

"असू शकते नाही, आहेच. मला पहिल्या दिवसापासून संशय होता तुझा."

विनीनं मटणाचं भांडं बाहेर आणलं आणि सवयीप्रमाणं ओरडली, "बसा, घराघरानं बसा!" मेळ्याच्या जेवणाला प्रत्येक घराचं बाक ठरलेलं असतं. डेन्झिल नकाशाची घडी घालत बाजूला झाला. त्याला कुठलंच बाक नव्हतं.

गिलहेडच्या बाकावर हेस्टर वर्षानुवर्षं एकटीच बसते. ती बसली, आणि सरकली. मग त्याच्याकडं न बघता तिनं बाकावर तळहात दोनदा आपटला, नेलला बोलवावं तसा.

तो येऊन बसला. विनीनं त्याला वाढलं. हेस्टरनं त्याच्या हाताखालून नकाशा ओढून घेतला आणि ताटाशेजारी उघडला.

"इथं नुसता हाच देश आहे," ती म्हणाली.

"हो. ब्रिटनपुरतंच मोजलंय मी."

"जहाजं काय ब्रिटनच्या आतल्या आत फिरतात?" तिनं चमचा उचलला, पण तोंडापर्यंत नेला नाही. "न्यूझीलंडला मेंढरं खूप असतात म्हणे. तिकडची डिरेक्टरी कुठं मिळते?"